तेन्नाचं पोस्टर आणि आमचा भोंगा

सोमवार, ४ मार्च
तेन्नाच्या गेमवर काढलेल्या सिनेमाचं पोस्टर आलं. बघितलं आणि डोकंच फिरलं. ही तेन्ना? केस मोकळे सोडलेले, ओठ रंगवलेले, आणि उभी कुठे? कुठल्याशा दाढीवाल्याच्या मागे, त्याच्या खांद्याआडून बघतेय! गेममध्ये हा दाढीवाला आहेच कुठे? तिथे ती एकटी मिठाच्या बुरुजावर चढते. डोक्यावर बोटभर केस, गुडघ्यापर्यंत जाड कोट. आणि तोंडातून एक शब्द नाही. शेजारच्या गेमच्या दुकानात मी तिला तीनदा शेवटापर्यंत नेलंय. मला शिकवू नका.
वास्वाला पोस्टर दाखवलं. तो आमच्या व्हिडिओ हॉलसमोर चपातीत अंडं गुंडाळून विकतो. म्हणाला, "दिसायला बरी आहे की. तुला काय त्रास?" त्याला काय सांगणार! चपाती खाल्ली आणि कामाला लागले.

बुधवार, ६ मार्च
आज ट्रेलर. दुकानात चार वेळा पाहिला. दाढीवाला आहेच, मेला. पण तेन्ना एक शब्द बोलत नाही! एवढं एक तरी धड केलंय. बुरूज छान. कोट लांडा केलाय, पण चालवून घेईन.
आणि मग चार वाजता काग्वाने सगळ्याचा विचका केला. काग्वा आमचा वीजे. इंग्रजी सिनेमा चालू असताना माईकवर आमच्या लुगांडा भाषेत सांगतो, पदरचं दुप्पट घालतो, आणि लोक त्याच्यासाठीच येतात. बाहेरच्या फळ्यावर नटाचं नाव बारीक आणि काग्वाचं टोपलीएवढं असतं. दारातल्या टीव्हीवर ट्रेलर लावून त्याने तो बाहेरच्या भोंग्यावर सांगितला. गप्प तेन्नाच्या तोंडी मांजरीसारखा आवाज काढून म्हणतो, "अहो राजा, मला भीती वाटते, जवळ घ्या ना!" अख्खी कावेम्पे वस्ती हसली.
सात वर्षं मी दारात तिकिटं फाडते. सात वर्षं पुरुषांनी काढलेले बायकांचे आवाज ऐकते. सगळ्या बायका एकाच आवाजात किंचाळतात.  संतापाने एका माणसाच्या तिकिटाचे दोनाऐवजी चार तुकडे केले.

गुरुवार, ७ मार्च
मालकाकडे गेले. म्हटलं, हा सिनेमा मी सांगणार.
मालक मुट्याबा कलिंगड खात होता. बिया थुंकून झाल्यावर म्हणाला, "बाई माईकवर? लोकांना वाटेल आईच हाक मारतेय. उठून घरी जातील."
मी हलले नाही. म्हटलं, शनिवारी चार वाजता भोंग्यावर आधी काग्वाचा ट्रेलर, मग माझा. ज्याला जास्त माणसं थांबतील, त्याचा सिनेमा.
"आणि हरलीस तर?"
"तर दारावरची नोकरी पण सोडते."
बोलून बसले खरी. घरी आईला सांगितलेलं नाही. तिचं औषध माझ्या पगारावर आहे.

शुक्रवार, ८ मार्च
आल्याचा चहा पाच वेळा. घसा ठीक. 

शनिवार, ९ मार्च
काग्वा आधी. तीसेक माणसं थांबली, हसली. तोच मांजरीचा आवाज.
मग मी. पहिलं वाक्य घोगरं आलं, दुसरं बरं. दाढीवाल्याला बोलतं केलं, पहारेकऱ्यांना केलं, त्यांच्या कुत्र्याला सुद्धा केलं. तेन्ना आली की तोंड बंद. एक शब्द दिला नाही तिला. माझ्याच कानाला ती शांतता सहन होत नव्हती, पण दिला नाही.
आणि झालं काय! आमच्या रस्त्यावर हा भोंगा कधी गप्प बसलेला नाही. लोकांना वाटलं वीज गेली, नाहीतर पोलीस आले. वास्वा तवा सोडून आला, भाड्याने माणसं नेणारे बोडावाले मोटारसायकली फिरवून आले, टोमॅटोवाल्या बायका टोपल्यांसकट आल्या. "काय झालं? कोण मेलं?" आणि दारातल्या टीव्हीवर तेन्ना बुरूज चढतेय. बघत राहिले सगळे. रस्ता तुंबला.
काग्वा म्हणाला, "हे सांगणं झालं? ही तर वाक्यं विसरली."
मुट्याबा म्हणाला, "विसरू दे. माणसं बघ किती आहेत."
फळ्यावर माझं नाव मीच लिहिलं. वीजे नाब्बोसा. खडू अख्खा संपवला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं आणि रडले.

मंगळवार, १२ मार्च
काग्वा येता-जाता टोचतोय. "ताई, दीड तास बाई गप्प बसणार आणि लोक पैसे देणार? खुर्च्या फेकतील." फेकू देत. तेन्नाला एक शब्द देणार नाही. इथे लिहून ठेवते.

शनिवार, १६ मार्च
सिनेमाची प्रत खेळाच्या दहा मिनिटं आधी हातात आली. तेन्ना बोलते. पहिल्या मिनिटापासून बोलते, थांबतच नाही. ट्रेलरमधून तिची वाक्यं कापली होती, आम्हा गेमवाल्यांना गंडवायला. अर्धा तास मी तिला तशीच इंग्रजीत बोलू दिली, आणि मग ती बुरुजाच्या दारापाशी दाढीवाल्याचे पाय धरून रडायला लागली. मला वाचव, सोडून जाऊ नकोस. हॉल खच्चून भरलेला, काग्वा भिंतीला टेकून हसतोय. मी मूळ आवाज पार खाली केला, माईक तोंडाशी धरला आणि माझ्या रोजच्या आवाजात तिच्या वतीने म्हटलं, "बुटाची नाडी सुटलीय तुझी, बावळटा. बांधून देते. मग बाजूला हो, दार मला तोडायचंय."