डॉक्टरसाहेबांचा त्रिफळा

यॉर्कशर, जून १९५९

प्रिय क्लेमेंटदादा,

आईचा खोकला कसा आहे? मी मजेत आहे, थंडीचीही सवय होतेय.

काल इस्पितळाच्या सामन्यात नर्सच्या संघाला एक गडी कमी पडला, म्हणून मला घेतलं. मी चेंडू टाकणार तोच बॅट धरलेले डॉक्टर म्हणाले, "हे बघ पोरी, या तीन दांड्यांना चेंडू लागला की मी बाद. झेल घेतलास तरी बाद. कळलं?"

मी म्हटलं, "कळलं, साहेब."

बार्बाडोसच्या किनाऱ्यावर तू मला कधी बॅट दिली नाहीस, नुसती गोलंदाजी करायला लावलीस. दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला.

नंतर चहाला माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच. हे आईला वाचून दाखवू नकोस. आम्ही जिंकलो, एवढंच सांग.

तुझीच,
युडोरा