अम्मीची जर्मन गाडी

महाड,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय हाशिम,

अस्सलामु अलैकुम. तुला, उमैमाला आणि आमच्या नातीला, अलीशबाला, भरभरून दुवा. आम्ही दोघं बरे आहोत. सावित्री नदीचं पाणी यंदा आपल्या गल्लीपर्यंत आलं नाही. तुझ्या अब्बांची शुगर ताब्यात आहे, कारण बेकरीवाल्याला मी दम देऊन आले आहे. शेजारचा इम्रान शुक्रवारी परत तुमच्या दोह्याला निघतोय, त्याच्याजवळ हे पत्र देते. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण फोनवर तू मला सगळं विचारतोस आणि अब्बांचं नाव निघालं की म्हणतोस, "बरं, ठेवतो." पत्र मध्येच ठेवता येत नाही.

मी गाडीबद्दल लिहिणार आहे. हो, त्याच गाडीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी ती जुनी जर्मन स्टेशन वॅगन दारात आली, तेव्हा तू अब्बांना म्हणाला होतास, "घेणं सोपं आहे, ठेवणं जमणार नाही तुम्हाला." गाड्यांच्या वर्कशॉपमध्येच तुझी नोकरी, तुला कळतंच. तुझं खरं झालं, हे आधी कबूल करते. पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी पाहिलं तर गाडी मागून म्हशीसारखी बसलेली. तिला स्प्रिंग नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत, त्यातली एक फुटली. शोरूमने किंमत सांगितली तेव्हा अब्बांनी फोन ठेवला आणि पाणी मागितलं. शेवटी पोलादपूरच्या भरतने मुंबईहून वापरलेली पिशवी आणून बसवली. तो आधी पुण्याच्या मोठ्या गॅरेजात होता, लॅपटॉप लावून गाडीचं दुखणं वाचतो. म्हणून निभावतंय, नाहीतर अशी गाडी इकडे कोण हातात घेणार? अख्ख्या देशात थोड्याच आहेत म्हणे. टायर एक खराब झाला तरी चारही बदलावे लागतात आणि पुण्याहून यायला आठ दिवस लागतात. घाटात लिटरला सहा किलोमीटर. विमा वेगळा. दोन वर्षांत साडेतीन लाख गेले, आणि वर्षातले दोन-तीन महिने ती भरतकडेच असते.

पण चालते तेव्हा, हाशिम. ओळखीच्या कुडपणच्या ठमाबाईंनी बाजारात न्यायला नाचणी आणि तांदळाची पोती दिली, सगळी मागे मावली, शिवाय त्या आणि त्यांची सून बसल्या. एवढं ओझं घेऊन ती चढ अशी चढली, जशी सपाटीवर आहे. ठमाबाई म्हणाल्या, "बाय गो, ही गाडी हाय का विमान?" वळणातून बाहेर पडताना पाय थोडा दाबला की ती आधीच ओळखून बसलेली असते कुठे जायचंय ते.

हे मला कसं माहीत? कारण चालवते मी. सत्तावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. परीक्षा घेणारे साहेब शाळेतले माझेच जुने विद्यार्थी निघाले, म्हणून त्यांनी दोनदा रिव्हर्स घ्यायला लावलं. अब्बा डाव्या बाजूला बसून कलमा पुटपुटतात.

आता गेल्या महिन्याचं सांगते. खेडला लग्नाला निघालो होतो. बोगदा सोडून जुन्या कशेडी घाटाने गाडी मीच नेली, वळणांसाठी. अर्ध्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. त्यामुळे इंजिन वाचलं, असं भरत नंतर म्हणाला. पाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप तडकला होता.

पांडू नावाचा एक ट्रकवाला थांबला. दोरी काढून म्हणाला, "चाचा, बांधा, खाली सोडतो."

अब्बा म्हणाले, "ही ओढायची नाय. चारी चाकं इंजिनला जोडलेली हायत, गिअरबॉक्स जाईल. उचलूनच न्यावी लागते."

तो हसला. "एवढी महागाची नि दोरी पन चालत नाय? कोनाची हौस ही?"

"माझी," अब्बा म्हणाले. लगेच. क्षणभरही थांबले नाहीत.

ट्रक गेला. गाडी उचलणारी गाडी यायला चार तास होते. धुकं उतरलं होतं, आम्ही आत बसलो. मी त्यांना विचारलं, "किती वर्षं असं सांगणार?" ते म्हणाले, "पोरगा बापावर रागावतो, ते चालतं. आईवर रागावला तर परदेशात तो कुणाला फोन करील?"

हाशिम, ती हौस माझी होती.

तेव्हा अब्बा पुण्याला सेकंडहँड टेम्पो बघायला गेले होते, मी सोबत होते. तिथे एका बाजूला ती उभी होती, लांब, राखाडी. मालकाने मला सहज आत बसवलं आणि इंजिन चालू केलं. मी म्हणाले, मला ही हवी. अब्बा हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. तू वरच्या मजल्यासाठी पाठवलेले पैसे माझ्या खात्यात होते. चेकवर सही माझी आहे. अब्बा म्हणाले होते, आधी हाशिमला विचार. मी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास.

मग तुझा फोन आला, तू ओरडलास, आणि ते माझ्याकडे बघत बघत म्हणाले, "हो, मीच घेतली." मी समोर उभी होते. मुलांना तीस वर्षं खरं बोलायला शिकवलं आणि तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेले. दोन वर्षं तिथेच आहे म्हण.

वरच्या मजल्याचं काम दिवाळीनंतर सुरू करते, माझ्या फंडाच्या पैशातून. खोल्या कशा हव्यात ते उमैमाला विचारून कळव. गाडी मात्र विकणार नाही. तेवढं सोडून काहीही सांग.

काल अब्बांना सांगितलं, मी सगळं लिहिते आहे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लिहितेस तर हेपन लिही, की मी त्याच्यावर कधी रागावलो नव्हतो."

त्यांचा नंबर तोच आहे. दुपारच्या नमाजनंतर ते ओट्यावर मोकळेच असतात. मी तेव्हा घरात नसेन, गाडी घेऊन तुडीलला जाईन. तुम्ही दोघं बोला.

रागावशील तर माझ्यावर रागव. मी ऐकून घेईन.

तुझी,
अम्मी