न सापडलेला शिक्का

आस्थापना विभागातल्या बाईंना,
नमस्कार.

गेल्या वर्षी सुपरवायझरशी माझं वाजलं आणि रागाच्या भरात मी राजीनामा तुमच्या टेबलावर आपटला. तुम्ही तो शांतपणे वाचलात.

"बायकोला कितवा महिना?"

"आठवा. त्याचं काय?"

"राजीनामा मंजूर झाला की त्याच दिवशी कंपनीचा विमा संपतो. तिचाही."

"संपू दे!"

तुम्ही उगाच ड्रॉवर उघडून बघितलात. "शिक्का सापडत नाहीये. सोमवारी या." शिक्का टेबलावरच होता. मी तणतणत निघून गेलो.

शनिवारी बायकोला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी महिनाभर आधीच जन्मली आणि वीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. विमा नसता तर आमचं काय झालं असतं, कोण जाणे. सोमवारी मी दवाखान्यातूनच धावत आलो, तेव्हा न विचारताच तुम्ही कागद परत दिलात. एका शब्दानं ऐकवलं नाहीत. मला साधं 'थँक्यू'सुद्धा म्हणता आलं नाही.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. कुणाच्या हाती लागलं तर तुमच्या नोकरीवर बेतायचं. पण रोज सकाळी गेटवर तुम्ही दिसलात की मी बाजूला होतो आणि तुम्हाला आधी जाऊ देतो. का, ते तुम्हाला कळत असेल.

तुमचा,
पॅकिंगमधला तापट