चार बोटं उंच जीप

सायनशांद, ४ नोव्हेंबर

ती. झोल्झायाताईस तुलगाचा शि. सा. न.

इथल्या गॅरेजात एक उंटीण रोज येऊन बादलीतलं पाणी पिऊन जाते. मिस्त्री तिला सासूबाई म्हणतो. असो, भलतंच सुरू झालं.

उन्हाळ्यात नदी ओलांडता यावी म्हणून मी आपल्या जीपच्या स्प्रिंगांवर चकत्या घातल्या, ती चार बोटं उंच केली, आठवतं ना? काल तशीच एक जीप खोलली. उंची वाढली की पुढच्या चाकांचे सांधे तिरके फिरतात. रबर फाटतं, ग्रीस गळतं, वाळू शिरते, सांधा झिजतो. मी तिकडे बघितलंच नव्हतं गं. डाव्या चाकातून टकटक येते का?

बाळ आडवं आहे, तुला दवाखान्यात पोचायलाच हवं. बाबांना सांग, खिंडीतल्या ओवोला, देवाच्या त्या दगडांच्या राशीला, जीपने तीन फेऱ्या घालू नका. सतत उजवीकडे पूर्ण वळवलं की डावा सांधा जाईल. पायी घाला, नाहीतर घाईतले ड्रायव्हर देतात तसे नमस्काराचे तीन हॉर्न द्या. तिकडे फोन लागत नाही, म्हणून पत्र मिठाच्या ट्रकवाल्याकडे देतोय.

रागावलीस तरी माया सोडू नकोस.
तुलगा

हिवाळी तळ, ९ नोव्हेंबर

चि. तुलगास अ. उ. आ.

टकटक महिनाभर येतेय. बाबा म्हणायचे, मागे डबा वाजतोय. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, फार शहाणा झालाय! चाळीस वर्षांत फेऱ्या चुकवल्या नाहीत, आता पोटुशी लेक गाडीत असताना चुकवू? हॉर्न शेळ्यांना देतात म्हणे. दुसरी गाडी नाही. उद्या उजाडताच निघतो. भीती वाटते रे.

तुझी ताई

जिल्हा रुग्णालय, १४ नोव्हेंबर

चि. तुलगास अ. उ. आ.

दुसऱ्या फेरीत सांधा तुटला. गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. मला कळा सुरू झालेल्या, आणि बाबा गुडघाभर बर्फात तिसरी फेरी पायी घालताहेत! मी आतून ओरडले, देव थांबेल, हे बाळ थांबणार नाही. मग त्यांनी पुढची चाकं इंजिनापासून सोडवली आणि मागच्या दोन चाकांवर बोटबोट खाली आणलं.

ऑपरेशन झालं. मुलगी आहे, आवाज तुझ्यासारखा.

बाबा म्हणतात, फेऱ्या घातल्या म्हणून सांधा सपाटीवर तुटला, उतारावर तुटला असता तर? मी म्हटलं, पायी घातल्या असत्या तर तुटलाच नसता. मग बाबांनी हळूच विचारलं, त्या पोराला चकत्या काढताही येतात, की नुसत्या घालताच येतात?

ये, आणि त्यांना दाखव. वाट बघतेय.
तुझी ताई