ताईने दिलेल्या बाटलीसंबंधी

तीर्थरूप भावोजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. आपले गुडघे जिना चढताना आता पूर्वीसारखा निषेध नोंदवत नसतील, आणि डॉक्टरांनी सांगितलेले भरपूर पाणी आपण कुंड्यांना न घालता स्वतः पीत असाल, अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (सौ. म्हणते, "सर्व नाही." तिचा मुद्दा ओघात येईलच.)

ताईने गेल्या खेपेस आपणांस व मला स्टीलच्या एकसारख्या बाटल्या दिल्या, तो प्रसंग आपल्या स्मरणात असेलच. माझ्या गाडीत मागच्या सीटवर साचलेला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पाहून ती म्हणाली होती, "या बाटलीचं काही हरवलंस, तर सुतळीनं गळ्यात बांधीन. शाळेत असताना बांधायचे ना, तशी!" मी शांतपणे उत्तर दिले होते की, जो आजवर साधी छत्रीही कुठे विसरला नाही, अशा माणसाशी ती बोलत आहे. (छत्री विसरू नये म्हणून मी ती पावसातही घरीच ठेवतो, हे सौ.ने त्या वेळी सांगण्याचे काही कारण नव्हते.)

त्या बाटलीने माझ्यात असा काही पालट घडवला की, लवकरच मी कचेरीतल्याही विकतच्या बाटल्या बंद करवल्या. बैठकीत प्रत्येकापुढे एक बाटली मांडायची आणि त्याने दोन घोट घेऊन ती पोरकी सोडून जायची, हे हिशेब विभागाच्या प्रमुखाला किती काळ पाहवणार? मी परिपत्रक काढले. प्रत्येकाने स्वतःची बाटली आणावी, सायंकाळी धुऊन फळीवर उपडी ठेवावी, आणि झाकणे नीट वाळावीत म्हणून ती सर्वांनी एकाच ट्रेमध्ये पसरावीत. (माझ्या पाठीमागे मला 'परिपत्रक' याच नावाने ओळखतात, असे कळते. नाव यथार्थ असल्याने मी हरकत घेतलेली नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ट्रेपुढे झाकणांचे जे स्वयंवर भरले, त्याचे वर्णन करत नाही. मोठ्या साहेबांबरोबर एका बड्या ग्राहकाकडे निघण्याच्या घाईत मीही एक झाकण वरले. ते बसले, परंतु मनापासून बसले नव्हते. बाटली पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर आणि मांडी साहेबांच्या गाडीत. उतरल्यावर साहेबांनी माझ्या पँटकडे पाहिले आणि अत्यंत कनवाळूपणे म्हणाले, "अहो, आधी सांगायचं ना! गाडी थांबवली असती." मी पिशवी उघडून पुरावा सादर करू लागलो, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू द्या. वयोमानानं होतं." भावोजी, ते माझ्याहून मोठे आहेत!

परतल्यावर मी प्रत्येकाच्या बाटलीचे झाकण फिरवून पाहिले. माझे मिळाले नाही, उलट मी वरलेलेही त्याच्या मूळ मालकाने ओळखून नेले. ट्रेमध्ये उरले होते ते केवळ एक केशरी झाकण, वर बदक असलेले, आणि ते कचेरीत आले कसे, हे कोणीच सांगेना. तूर्त मी बाटलीवर वाटी पालथी घालून रबर लावतो. बाटली जागची हलवली नाही, तर ही व्यवस्था उत्तम चालते. इतर वेळी काय करतो, ते परवा चहा करणाऱ्या मावशींनी पाहिले. मी खणात लपवलेली विकतची बाटली तोंडाला लावली असताना त्या सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "नियम उठला का, साहेब? मग आम्हालाही सांगा!"

असो. प्रकृतीस जपावे.

आपला आज्ञाधारक,
(तूर्त बिनझाकणी) मेहुणा

ता.क. पुढच्या रविवारी ताई एकटीच आमच्याकडे येत आहे. (सौ.चा मुद्दा तो हाच.) आपल्या बाटलीचे झाकण माझ्या बाटलीस बसते, हे आपण जाणताच. ते मोज्यात गुंडाळून, तिच्या नकळत, कुरिअरने कचेरीच्या पत्त्यावर धाडावे. ताईची पाठ वळताच त्याच मोज्यातून परत करीन. तोवर आपण पेल्याने पाणी प्यावे. पेला प्रकृतीस हितकर असतो, असे कुठेसे वाचल्याचे स्मरते.

ता.क. दुसरा. पाकीट बंद करत असतानाच सौ. ताईशी फोनवर बोलून आली. आपले झाकण बागेत कधीच गडप झाले असून, तसेच दुसरे मिळवण्यासाठी नमुना म्हणून माझे न्यायलाच ताई येत आहे, असे समजले. "त्याच्याकडे असणारच. तो काही तुमच्या भावोजींसारखा नाही," असेही ती म्हणाली. सबब, वरील विनंती रद्द समजावी. मात्र, ताईने पिशवीत सुतळी एका गळ्यापुरती घेतली आहे की दोन, एवढे हळूच पाहून लगेच कळवावे.