हिरव्या झिलईची बरणी

देवगाव रंगारी,
१२ जानेवारी १९६३

चि. पुंजारामास आजी चतुराबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र शेजारची मुनिरा लिहितीय. ती चार बुकं शिकली, मी एकबी नाय. चुका तिच्या आन् शहाणपण माझं, असं समजून वाच.

पाडव्याला तू आणलेली हिरवी बरणी गावात लई नावाजली. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आपली चिनी मातीची बरणी फुटली, तवापासून लोणचं मडक्यात घालायची. मडकंच निम्मं तेल पिऊन बसायचं. तुझी बरणी थेंब पीत नाय. लिंबाचं लोणचं तिच्यात झ्याक मुरलं, रोज भाकरीवर घेते. तुझ्या आज्यानं जन्मभर चाक फिरवलं, पण एका मडक्याला अशी चकाकी आली नाय. वरून बघत असंल तर जळत असंल.

पोट मुरडतंय अधूनमधून. तोंडाला गंजल्या लोखंडाची चव. मुनिरा म्हणते, लोणचं कमी करा. नातवाच्या बरणीतलं सोडून काय तिच्या सासूच्या हातचं खाऊ? (हे तिनं तोंड वाकडं करून लिहिलं.) भाकरी थापताना मनगट लटपटतं. म्हातारपण, दुसरं काय.

भट्टीपाशी डोळे जप. आठवण काढीत जा, तेवढं पुरे.

(उजवा अंगठा)


छावणी, औरंगाबाद,
२३ जानेवारी

ती. आजीस पुंजारामाचा सा. न. वि. वि.

हे पत्र एस.टी.चे कंडक्टर काकासाहेब यांच्या हाती देतो आहे. मिळताच बरणी रिकामी कर. लोणचं खड्ड्यात पूर, जनावरालाही घालू नको.

आमच्या चिनी मातीच्या कारखान्यातल्या झिलईला इतकी आच लागते की आपल्या गावची माती त्याआधीच वितळून बसते. मला तर तुला घरच्या मातीची, आज्याच्या चाकावरची बरणी द्यायची होती. म्हणून गारगोटीच्या पुडीत मी शेंदूर आणि तांब्याचा हिरवा कळंक मिसळला. शेंदरामुळं कमी आचेतही झिलई काचेसारखी वाहिली. त्या आनंदात कोणाला काही न विचारता बरणी घेऊन आलो.

काल आमच्या भट्टीचे उस्ताद निजामुद्दीनचाचांना ती कृती सांगितली. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. म्हणाले, शेंदूर म्हणजे शिसं. पितळेत ताक कळकतं, तसं आंबट शिशाला झिलईतून ओढून काढतं. ते पोटात गेलं की आधी पोट मुरडतं, मग मनगट पडतं. त्या बरणीत काय ठेवलंय, असं त्यांनी विचारलं. मी तुझं पत्रच त्यांच्यापुढं धरलं.

डॉक्टरांची वेळ घेऊन रविवारी तुला न्यायला येतो. भट्टीला पुन्हा हात लावणार नाही.

माया राहू दे, असं कोणत्या तोंडानं लिहू?

तुझा,
पुंजाराम


देवगाव रंगारी,
२४ जानेवारी

चि. पुंजारामास आशीर्वाद. वि. वि.

येवढं घाबरून कुणी लिहितं व्हय? बरणीत मी लोणचं घातलंच नव्हतं. ती कोनाड्यात मिरवायला ठेवलीय. मागं लिवलं ते तुला बरं वाटावं म्हणून. म्हातारीला तेवढं खोटं माफ असतं. पोटदुखी जुनीच, आन् मनगट तर तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतंय.

भट्टी सोडायची भाषा करू नको. तुझ्या आज्याचा मडक्यांचा पहिला आवा सगळाच्या सगळा फुटला. तीन दिवस जेवला नाय, चौथ्या दिवशी माती तुडवायला लागला. मी काय विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. तू बी तसाच लाग. फकस्त पुढच्या वेळी आधी चाचाला विचार.

माझ्यावर माया ठेव आन् सोतावरचा राग सोड.

(उजवा अंगठा)


पुंजारामभाऊ,

आजींना वाचून दाखवलेल्या पत्रात हा मजकूर नव्हता. हा माझा आहे. बरणी सकाळी मीच रिकामी केली. तळाशी चार फोडी उरल्या होत्या.

रविवारपर्यंत थांबू नका. आजी अंगठा नेहमी स्वतः उमटवतात, मला हात लावू देत नाहीत. आज त्यांचं मनगट उचललंच गेलं नाही. हात मी धरला होता.

मुनिरा