पिन्हास आवासकर यांची कबर शनिदेवस्थान किंवा ख्रिस्ती थडगे नसल्याबाबत

प्रति,
मा. विशेष पडताळणी अधिकारी
(धार्मिक स्थळे व दफनभूमी),
तात्पुरता कक्ष, इंदापूर, जि. पुणे

अर्जदार: श्रीमती दिवोरा पिन्हास आवासकर, वय ७८, सेवानिवृत्त शिक्षिका (मराठी), रा. कोकरे वस्ती, कळंब शिवार, ता. इंदापूर

विषय: माझ्या मयत पतीची कबर न हलवणे व तिच्या डाव्या हाताची जागा मला राखून ठेवणेबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाची नोटीस, जी माझ्या पतीच्या नावे आली व मी फोडली.

महोदय,

१. सदर नोटीस श्री. पिन्हास एझ्रा आवासकर यांना उद्देशून आहे. त्यांनी मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे, न राहिल्यास त्यांचे काही म्हणणे नाही असे समजून त्यांची कबर महिनाअखेर बारामतीकडील ख्रिस्ती दफनभूमीत हलवण्यात येईल, असे तीत म्हटले आहे. पती हजर राहू शकले नाहीत. ते त्याच कबरीत आहेत. मात्र त्यांचे काही म्हणणे नसते असे आपण समजू नये. मी त्यांच्याशी संसार केला आहे, त्यांना प्रत्येक गोष्टीत म्हणणे असे. तेव्हा त्यांच्या वतीने व माझ्या स्वतःच्या वतीने हा अर्ज करीत आहे.

२. आम्ही ज्यू आहोत. आमच्यातले लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणतात. हे कोणते नवीन काढले, असे आपल्या कक्षातील कारकुनांनी मला विचारले, म्हणून खुलासा करते. आमच्यात असे सांगतात, की फार जुन्या काळी एक गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातून वाचलेली सात जोडपी तिथेच राहिली आणि पोटासाठी तेलाचा घाणा चालवू लागली. गावोगाव राहिलो म्हणून गावांची आडनावे लागली. आवास हे अलिबागजवळचे गाव आहे. आमचे देवाचे नाव हिब्रूत असते आणि भांडण मराठीत. पोथ्या समुद्रात गेल्या होत्या, भाषा विसरली होती, पण आमच्या लोकांनी एक गोष्ट सोडली नाही. शनिवारी घाणा बंद. त्यामुळे शेजारीपाजारी आम्हांला शनिवार तेली म्हणत. पुढे जे घडले ते समजायला एवढा इतिहास पुरेसा आहे.

३. पती जवळच्या साखर कारखान्यात फिटर होते. सगळा भाग त्यांना फिटरआबा म्हणे. निवृत्तीनंतर कोकणात परत जाण्यासारखे कोणी उरले नव्हते, म्हणून आम्ही श्री. मानसिंग कोकरे यांच्या वस्तीवर दोन खोल्या बांधून राहिलो. मानसिंग धनगर आहेत, त्यांची पेरूची बाग आहे. त्यांची पाण्याची मोटर बिघडली की पती आपण होऊन जात आणि ती दुरुस्त होईपर्यंत मानसिंग यांच्या तीन पिढ्यांना नावे ठेवत. इतके प्रेम मी दोन सख्ख्या भावांतही पाहिलेले नाही. पती चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी गेले. आमच्यात मयताला थांबवत नाहीत, आणि शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, लागतो, मग दफन करता येत नाही. त्या आठवड्यात पावसाने पुण्याकडचा पूल खचला होता. मानसिंग यांनी बागेच्या कडेचा, कडुलिंबाखालचा तुकडा दिला. म्हणाले, "आबा माझ्या बांधाला असलं तर मोटर बिघडायची न्हाय." पुण्याहून आमचे चार लोक लांबच्या वाटेने आले आणि शुक्रवारी दुपारी दफन झाले. कबरीवर साधा दगड आहे. त्यावर मराठीत व हिब्रूत नाव आणि सहा टोकांचा तारा आहे. वर छप्पर नव्हते, घंटा नव्हती, क्रूस नव्हता.

४. आता तेलाबद्दल. पती शनिवारी काम करीत नसत. चूल पेटवत नसत, सायकलला हात लावत नसत, कारखान्यात रजा टाकत आणि बोलणी खात. आमच्याकडे जेवण शुक्रवारीच होऊन जाई. चहा मात्र मानसिंग यांच्या मातोश्री श्रीमती बानूबाई आणून देत. त्यांनी वीस वर्षे हे पाहिले आणि आपल्या मनाशी त्याचा अर्थ लावला. दगड बसवल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी खिडकीतून पाहिले, तर बानूबाई दगडावर तेल घालत होत्या आणि वर रुईची माळ होती. मी जाऊन विचारले. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत देते, कारण आपल्या पंचनाम्यात ते 'स्थानिकांची श्रद्धा' एवढेच आले आहे. त्या म्हणाल्या, "बाई, फिटरआबानं जलमभर शनवार धरला. आमी मंगळवार धरतो, गुरुवार धरतो, पर कुटं पाहुणा आला की सोडतो. ह्या मानसानं येक शनवार सोडला न्हाय. शनिम्हाराजाचं एवढं करनारा दुसरा दाव. त्याला पळीभर त्याल घातलं तर काय बिघडलं?" साहेब, मला शुद्धलेखनाच्या वह्या तपासायची सवय आहे, चूक दिसली की हात शिवशिवतो. पण त्या बाईने वीस वर्षे आम्हांला शनिवारचा चहा दिला होता. मी गप्प बसले. माझी यात काही चूक असेल तर एवढीच.

५. यानंतर बानूबाईंची चुकलेली शेळी सापडली. शेळ्या चुकतात व सापडतात, त्यांचा तो स्वभावच आहे. पण ती शनिवारी सापडली. पुढच्या शनिवारी कळंबहून लोक आले, त्याच्या पुढच्या शनिवारी सांगवीहून जीप आली. दगडावरचा तारा हे शनीचे यंत्र आहे आणि हिब्रू अक्षरे हा त्याचा मंत्र आहे, असे वस्तीवरचे पुढारी श्री. आप्पासाहेब यांनी जाहीर केले. त्यांनी 'श्री फिटरबाबा शनैश्वर सेवा मंडळ' स्थापन केले, कबरीभोवती चौथरा बांधला, पत्र्याची शेड उभारली, घंटा टांगली आणि स्त्रियांनी चौथऱ्यावर चढू नये अशी पाटी लावली. त्यामुळे आजमितीस मला माझ्या नवऱ्यापासून सहा फूट लांब उभे राहावे लागते. आमच्या पूर्वजांनी शनिवारी तेल गाळले नाही म्हणून आम्ही ज्यू राहिलो. त्यांच्या वंशजावर आता दर शनिवारी डबाभर तेल ओतले जाते आणि याला पंचनाम्यात 'परंपरा' म्हटले आहे. दगडावर आता मुंगळे इतके झाले आहेत, की नाव वाचता येत नाही.

६. नाव वाचता येत होते तेव्हाच बारामतीचे ब्रदर सौरभ व त्यांची प्रार्थनामंडळी तेथे आली. त्यांनी पिन्हास वाचले, एझ्रा वाचले, मला नाव विचारले, मी दिवोरा सांगितले. त्यांचे डोळे भरून आले. ही सगळी आमच्या बायबलातली नावे आहेत, म्हणजे आमचाच एक बांधव मूर्तिपूजेत अडकला आहे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी उशाशी सिमेंटचा क्रूस रोवला. ब्रदर सौरभ हा मनाने फार चांगला मुलगा आहे. माझी औषधे तोच बारामतीहून आणून देतो. मी त्याला समजावले, की बाळ, त्या पुस्तकाचा पहिला आणि मोठा भाग आमच्या घरचा आहे. येशू ज्यू आईच्या पोटी जन्मला, तिचे नाव मरियम, माझ्या आत्याचेही मरियम. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, शनिवारी तो सभास्थानात जाई. (आपल्या पंचनाम्याची रीत लावली, तर तोही शनिभक्त ठरेल.) त्यावर सौरभ म्हणाला, "आजी, तुमचा करार जुना, आमचा नवा. पण घर एकच ना आपलं?" मी म्हटले, घर एकच आहे हे मला मान्य आहे, म्हणूनच आजीच्या खोलीत येताना नातवाने दार वाजवावे. तो ओशाळला. क्रूस मात्र राहिला, कारण तो काढला तर मंडळ जिंकले असे होईल, असे त्याच्या मंडळींचे म्हणणे पडले.

हे काही आम्हांला नवीन नाही. दोनशे वर्षांपूर्वी कोकणात पाद्री आले. त्यांनी शाळा काढल्या आणि आम्ही विसरलेली हिब्रू आम्हांला परत शिकवली. आपलाच धर्म नीट वाचल्यावर हे लोक आपल्याकडे येतील, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या लोकांनी मन लावून अभ्यास केला, पाद्रीबाबांचे आभार मानले आणि अधिक पक्के ज्यू होऊन घरी गेले. त्या उपकाराची जाणीव मला आजही आहे. माझी तक्रार एवढीच आहे, की आमची नावे सर्वांना चालतात, नावांचे धनी तेवढे अडचणीचे होतात.

७. एकीकडे घंटा व दुसरीकडे क्रूस झाल्यावर वाद वाढला आणि आपला कक्ष जागा झाला. पंचनाम्याच्या पहिल्या पानावर 'अनधिकृत शनिदेवस्थान' व दुसऱ्या पानावर 'ख्रिश्चन थडगे' अशी नोंद आहे. ज्यू हा शब्द कुठेही नाही. मी कार्यालयात विचारणा केली असता कारकून म्हणाले, संगणकात दफन म्हटले की ठरावीक धर्म उघडतात, त्यांत तुमचा येत नाही, नावावरून जवळचा धर्म निवडला आहे. माझ्या आजेसासऱ्यांचे नाव मुसाजी होते. ते मी मुद्दाम सांगितले नाही, नाहीतर कबर तिसरीकडेच निघाली असती. मी म्हटले, ज्यूंना या राज्यात अल्पसंख्याक म्हणून मान्यता आहे. ते म्हणाले, असेल, पण तुम्ही अल्पसंख्याक म्हणण्याइतक्याही दिसत नाही.

८. साहेब, आता थेट लिहिते. आमच्यात पुरलेल्या माणसाला उकरत नाहीत. मातीत ठेवला की तो मातीचा. मला माझा नवरा पोत्यात भरून बारामतीला गेलेला पाहायचा नाही. माझा मुलगा इस्राएलमध्ये दिमोना येथे असतो. आई, इकडे ये, म्हणतो. तिथे माझे नाव बरोबर लिहितील हे खरे आहे. पण तिथे पिन्हास नाही. माझे हृदय डॉक्टरांच्या मते आता कसेबसे चालते, आणि ते थांबले की मला त्याच कडुलिंबाखाली, त्यांच्या डाव्या हाताला जायचे आहे. आम्ही लग्नापासून तसेच झोपत आलो. मानसिंग यांची लेखी संमती जोडली आहे. तुकडा आता देवस्थानाचा झाला असे मंडळ त्यांना ऐकवते. शेड हलवा म्हटले म्हणून मंडळाच्या लोकांनी त्यांच्या पाहुण्यांकडचे लग्नाचे आमंत्रणही अडवले. माणूस वाकलेला नाही, पण मला त्यांच्यापुढे लाज वाटते.

९. माझ्या जागेच्या मागणीवर आपल्या कक्षाने तोंडी दोन त्रुटी काढल्या. पहिली, दफनाच्या जागेसाठी अर्ज करताना संबंधित व्यक्तीचा मृत्यूदाखला जोडावा. संबंधित व्यक्ती मीच असल्याने तूर्त दाखला जोडता येत नाही. तो मिळाल्यावर मला आणून देता येणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

दुसरी त्रुटी, मागणी समाजाची असल्याबद्दल किमान दहा समाजबांधवांच्या सह्या हव्यात. योगायोग असा, की आमच्या धर्मातही मयताची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. पतीच्या दफनाला आमचे चार होते. पुण्याहून आलेले वडीलधारे गृहस्थ पुस्तक मिटूनच उभे राहिले. तेव्हा मानसिंग व त्यांचे पाच भाऊबंद डोक्यावर टॉवेल घेऊन कबरीशी येऊन उभे राहिले. मानसिंग म्हणाले, "काका, आमाला धरायचं का न्हाय ते तुमी ठरवा. पर आमी हितनं हलनार न्हाय." शास्त्राने ते सहाजण मोजता येत नाहीत. गृहस्थांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले, आणि पुस्तक उघडून प्रार्थना सुरू केली. एकाही धनगराला एक शब्द कळला नाही, पण आमेन दहांनी म्हटले. तोवर मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

त्या चौघांपैकी दोघे आता हयात नाहीत व दोघे इस्राएलला गेले. या तालुक्यात ज्यू समाज म्हणून जो आहे तो हा अर्ज लिहीत आहे. त्याची आज सकाळी बैठक घेतली, कोणी गैरहजर नव्हते, ठराव एकमताने मंजूर झाला. तरीही दहाच सह्या लागत असतील, तर मानसिंग व त्यांचे भाऊबंद पुन्हा येऊन उभे राहायला तयार आहेत. देवापुढे जे चालले ते आपल्या कक्षात चालावे, असे वाटते.

१०. तरी कबर आहे तिथेच ठेवावी, शेड व क्रूस ज्याचे त्याला सन्मानाने परत द्यावेत, नोंदीत ज्यू असे लिहावे आणि माझी जागा मला द्यावी. बानूबाईंना कोणी काही बोलू नये. निर्णय लवकर व्हावा. या समाजाला फार थांबता येईल असे दिसत नाही.

आपली, अद्याप हयात असलेली नम्र अर्जदार,

(सही)
दिवोरा पिन्हास आवासकर

कोकरे वस्ती, कळंब शिवार
रविवार, दि. १२ जानेवारी २०२५

सोबत:
१) पतीचा मृत्यूदाखला. (धर्माचा रकाना: 'इतर')
२) श्री. मानसिंग कोकरे यांचे संमतीपत्र.
३) दगडाचे छायाचित्र, तेलापूर्वीचे.
४) इंदापूर तालुक्यातील समस्त ज्यू समाजाची सही. वर केली आहे तीच.